मुरलेला मेंदू

लुआन ब्रिझेंडाइन यांच्या ‘द फीमेल ब्रेन’ या पुस्तकात एक क्रियापद आहे, त्यावर मी अडकून पडले. लहान मुलींच्या पहिल्या दोन वर्षांबद्दल त्या लिहितात की अंडाशयांतून भरपूर इस्ट्रोजेन सुटतं आणि त्यात मुलीचा मेंदू ‘मॅरिनेट’ होतो. म्हणजे आपल्या भाषेत मुरतो. चिकन दह्यात मुरतं, कैरी मोहरीत मुरते, तसा मेंदू इस्ट्रोजेनमध्ये. मग तो मुरलेला मेंदू बोलका, प्रेमळ, चेहरे वाचणारा होतो. वाक्य छान उतरतं घशाखाली. पण ज्यांच्या घरी दर वर्षी लोणचं घातलं जातं, त्यांना एक गोष्ट विचारावीशी वाटेल. एकाच बरणीत, एकाच मसाल्यात टाकलेल्या सगळ्या फोडी एकसारख्या मुरतात का हो?

नाही मुरत. कोवळी फोड लवकर मऊ पडते, कोयीजवळची टणक राहते, सालीच्या बाजूला खार वेगळा उतरतो. मसाला काय करणार हे फोडही ठरवते. मेंदूतली ही ‘फोड’ म्हणजे रिसेप्टर. ब्रिझेंडाइनबाईंच्या पुस्तकातून नेमकी तीच गायब आहे.

पुस्तक २००६चं. आता कशाला उकरायचं, असं कुणी म्हणेल. कारण पुस्तक जुनं झालं तरी त्याचं व्याकरण तुमच्या-माझ्या फोनमध्ये रोज नव्याने येतं. गुलाबी मेंदू, निळा मेंदू, मधे एक बाण, बाणावर हार्मोनचं नाव. कधी आत्याच्या फॅमिली ग्रुपवर, कधी तीस सेकंदांच्या रीलमध्ये, कधी ‘रिलेशनशिप कोच’च्या तोंडून. ही भाषा कुठे तयार झाली ते पाहायचं तर मूळ पुस्तक साहित्यकृतीसारखंच वाचायला हवं. कथानक कसं रचलंय, पात्रं कोण, कोणाला संवाद दिलेत, कोणाला रंगमंचावर येऊच दिलं नाही.

आणि पात्रं आहेत! अक्षरशः. पुस्तकाच्या सुरुवातीला नाटकाच्या संहितेत असते तशी पात्रपरिचयाची यादी आहे. इस्ट्रोजेन म्हणजे राणी. प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन, ऑक्सिटोसिन, कॉर्टिसॉल, प्रत्येकाला स्वभाव आहे, लकबी आहेत. लेखिका न्यूरोसायकिॲट्रिस्ट, सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात बायकांच्या मनःस्थिती आणि हार्मोन्ससाठी क्लिनिक सुरू केलेल्या. त्यांना लिहिता येतं, यात शंका नाही. क्लिनिकमध्ये आलेल्या बायकांचे प्रसंग त्या जिवंत करतात, आणि डॉक्टरने ‘हे तुमच्या मनाचे खेळ आहेत’ म्हणून उडवून लावलेल्या कुठल्याही बाईला हे पुस्तक वाचून हायसं वाटेल. ते हायसं वाटणं मी खोटं मानत नाही. पण राणी आज्ञा देते आणि मेंदू ऐकतो, एवढ्याच कथेवर ते उभं आहे. ऐकणारा कोण, त्याला ऐकू येतं का, ऐकून तो काय करतो, हे प्रश्न या नाटकात कुणी विचारत नाही.

आकड्यांचं प्रकरण थोडक्यात उरकते, कारण ते आधीच पुष्कळ गाजलंय. बायका दिवसाला २०,००० शब्द बोलतात आणि पुरुष ७,०००, हा दावा याच पुस्तकामुळे जगभर पसरला. भाषाशास्त्रज्ञ मार्क लिबरमन यांनी त्याचा उगम शोधला, तर खाली अभ्यासच नव्हता. लेखिकेनेही तो आकडा काढण्याचं मान्य केलं. २००७मध्ये ‘सायन्स’मध्ये ३९६ विद्यार्थ्यांच्या अंगावर रेकॉर्डर लावून केलेली मोजणी आली: मुली सरासरी १६,२१५ शब्द, मुलं १५,६६९. त्याआधीच, २००६मध्ये, ‘नेचर’ने रिबेका यंग आणि इव्हान बालाबन यांचं परीक्षण छापलं होतं आणि त्यात पुस्तकाची चांगलीच खरडपट्टी काढली होती. तरी ते दोन आकडे अजून फिरतात. खोडलेला आकडा फॉरवर्ड करायला काही वेगळा डेटा पॅक लागत नाही.

मला आकड्यांपेक्षा क्रियापदाची जास्त काळजी आहे. आकडा खोडता येतो. ‘मुरणं’ कसं खोडणार?

तर ही रिसेप्टर भानगड काय आहे? १९५०च्या दशकात शिकागो विद्यापीठात एल्वूड जेन्सन यांनी इस्ट्राडायॉलला किरणोत्सर्गी खूण लावली (इस्ट्राडायॉल म्हणजे इस्ट्रोजेन कुटुंबातलं सगळ्यांत ताकदवान रसायन) आणि ते कोवळ्या उंदरिणींना टोचलं. रक्तातून ते सगळीकडे गेलं. पण स्नायूंत वगैरे आलं आणि निघून गेलं. गर्भाशयात मात्र थांबलं. तिथे काहीतरी त्याला धरून ठेवत होतं. ते ‘काहीतरी’ म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर. हे एक प्रथिन आहे. पेशीच्या आत असतं. इस्ट्राडायॉल त्याला चिकटलं की ते आकार बदलतं, डीएनएवरच्या ठरावीक जागांवर जाऊन बसतं आणि काही जनुकं चालू-बंद करतं. कोणती, ते त्या पेशीत बाकी कोणती प्रथिनं हजर आहेत यावर अवलंबून. या एका शोधावर स्तनांच्या कर्करोगाचे कितीतरी उपचार उभे आहेत. त्या गाठीत रिसेप्टर आहेत की नाहीत यावर आज औषध ठरतं. तिथे कोणताही डॉक्टर ‘बाई आहे, म्हणजे इस्ट्रोजेन आहे, म्हणजे हे औषध’ असं म्हणत नाही. आधी रिसेप्टरची तपासणी करतो. मेंदूबद्दल बोलायची वेळ आली की ही शिस्त कुठे जाते कोण जाणे.

पुढे कळलं की रिसेप्टर एक नाही. अल्फाचं जनुक १९८६मध्ये हाती आलं, ते सहाव्या गुणसूत्रावर. दहा वर्षांनी, १९९६मध्ये, स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत यान-ओके गुस्ताफसन यांच्या गटाला बीटा सापडला. आणि कुठे सापडला? उंदराच्या प्रोस्टेट ग्रंथीत. ‘स्त्री-हार्मोन’ ऐकणारा दुसरा कान नराच्या प्रोस्टेटमध्ये. मला हा प्रसंग फार आवडतो. एखाद्या कादंबरीकाराने लिहिला असता तर संपादक म्हणाला असता, जरा जास्तच होतंय.

माणसाच्या गर्भात हे दोन्ही रिसेप्टर जन्माच्या कितीतरी आधी मेंदूत दिसतात, आणि केवळ हायपोथॅलॅमसमध्ये नाही, जिथे प्रजननाचा कारभार चालतो. मेंदूच्या बाह्यकात आणि आठवणींशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्येही. मुलीच्या दिसतात आणि मुलाच्याही. मेंदू स्वतःही टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्राडायॉल बनवतो, ॲरोमटेज नावाच्या विकराच्या मदतीने. हे रसायन करतं काय तिथे? १९७६मध्ये डॉमिनिक तोरां-आलेरां यांनी उंदराच्या हायपोथॅलॅमसचे तुकडे काचेच्या बशीत वाढवले आणि त्यात इस्ट्राडायॉल घातलं, तर चेतापेशींना फांद्या फुटून दाट जाळं झालं. म्हणजे हे रसायन बांधकामावरचं आहे. विटा-वाळू-सिमेंटच्या खात्यातलं. त्याला ‘बायकी’ म्हणणं म्हणजे सिमेंटला न्हाणीघराचा माल म्हणण्यासारखं.

आता उंदरांकडे येऊ. इथे जरा रेंगाळते, कारण ही कथा ब्रिझेंडाइनबाईंच्या कथेपेक्षा कितीतरी चांगली आहे आणि तिच्यावर टीका करणारेसुद्धा ती नीट सांगत नाहीत.

‘द फीमेल ब्रेन’मधलं आद्यकथानक असं: सगळे मेंदू सुरुवातीला मादीचे. मग आठव्या आठवड्यात मुलाच्या मेंदूवर टेस्टोस्टेरॉनचा लोंढा येतो, संवादाच्या केंद्रांतल्या पेशी मारतो, लैंगिकतेच्या आणि आक्रमकतेच्या केंद्रांत पेशी वाढवतो. टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुष, इस्ट्रोजेन म्हणजे बाई. नकाशावर दोन रंग.

उंदरात खरंच काय होतं? नर पिल्लाच्या वृषणांतून जन्माच्या सुमारास टेस्टोस्टेरॉन सुटतं, मेंदूत पोचतं आणि तिथे ॲरोमटेज त्याचं इस्ट्राडायॉल करून टाकतं. ते इस्ट्राडायॉल अल्फा रिसेप्टरला चिकटतं आणि मेंदूला नराचं वळण लागतं. पुन्हा वाचा. उंदराचा मेंदू ‘पुरुषी’ करतं ते प्रामुख्याने इस्ट्रोजेन. राणीने राजाचं काम केलं, किंवा खरं तर राजा-राणी हे शब्दच इथे बाद होतात. मग मादी पिल्लं कशी वाचतात? आईच्या रक्तातलं इस्ट्रोजेन तर त्यांनाही मिळतं. तर पिल्लांच्या रक्तात अल्फा-फीटोप्रोटीन असतं, ते इस्ट्रोजेनला धरून ठेवतं आणि मेंदूपर्यंत जाऊ देत नाही. टेस्टोस्टेरॉनला ते धरत नाही, म्हणून ते आत शिरतं. २००६मध्येच, म्हणजे ‘द फीमेल ब्रेन’च्याच वर्षी, ज्युली बॅकर आणि सहकाऱ्यांनी हे प्रथिन नसलेल्या उंदरिणींवरचा अभ्यास छापला. इस्ट्रोजेन थेट मेंदूत पोचलेल्या या उंदरिणी नरासारख्या वागल्या. इस्ट्रोजेनमध्ये खऱ्या अर्थाने ‘मुरलेला’ मादीचा मेंदू असा दिसतो. पुस्तकात सांगितलं त्याच्या नेमका उलट.

अजून एक. नर उंदराच्या हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात पेशींचा एक पुंजका असतो, मादीपेक्षा कितीतरी मोठा. रॉजर गॉर्स्की यांच्या प्रयोगशाळेने १९७८मध्ये तो दाखवला. तिथे इस्ट्राडायॉल पेशींना मरण्यापासून वाचवतं. तिथून अगदी जवळ दुसरा पुंजका आहे, तो मादीत मोठा. का? कारण तिथे तेच इस्ट्राडायॉल, त्याच नर पिल्लात, त्याच दिवसांत, पेशींना मरायला लावतं. एक बरणी, एक मसाला, शेजारच्या दोन फोडी. एक तगते, एक विरघळते.

मार्गारेट मॅकार्थी यांच्या प्रयोगशाळेने यात आणखी एक पायरी शोधली, ती तर भन्नाट आहे. त्या पुढच्या भागात इस्ट्राडायॉल स्वतः फारसं काही करत नाही. ते प्रोस्टाग्लँडिन ई-टू नावाचं रसायन वाढवतं आणि त्याच्यामुळे चेतापेशींवर जोडण्यांचे काटे दाट होतात. हे प्रोस्टाग्लँडिन म्हणजे आपल्याला ताप येतो तेव्हा, सूज येते तेव्हा वाढणारं तेच. २००४मध्ये हे ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये आलं. हायपोथॅलॅमसच्या दुसऱ्या भागात मात्र इस्ट्राडायॉल वेगळाच मार्ग वापरतं, तिथे प्रोस्टाग्लँडिनचा संबंध नाही. म्हणजे ‘मेंदू’ नावाची एक वस्तू नर किंवा मादी होत नाही. गल्लीगल्लीत वेगवेगळे ठेकेदार काम करत असतात.

आता माणूस. इथे पाय जपून टाकायला हवा, कारण माणसाच्या बाळांवर असे प्रयोग करता येत नाहीत, करूही नयेत. निसर्गाने केलेल्या काही घटनांवरून अंदाज बांधावा लागतो. १९९४मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एरिक स्मिथ आणि सहकाऱ्यांनी एका २८ वर्षांच्या तरुणाची हकिकत लिहिली. उंची २०४ सेंटिमीटर, आणि अजून वाढतच होती. गुडघे आत वळलेले, हाडं ठिसूळ, हाडांचं वय पंधरा वर्षांच्या मुलाचं. रक्तात इस्ट्रोजेन होतं, चांगलं जास्तच होतं. अल्फा रिसेप्टरचं जनुक दोन्ही प्रतींत बिघडलेलं होतं. म्हणजे आवाज होता, कान नव्हता. पुरुषांचीही हाडं वाढायची थांबतात ती इस्ट्रोजेनमुळे, हे या माणसाने वैद्यकाला ठळकपणे शिकवलं. उंदराचा नियम माणसाला जसाच्या तसा लागू असता, तर अल्फा रिसेप्टर नसलेल्या या तरुणाच्या मेंदूला पुरुषी वळण लागायला नको होतं. त्याने डॉक्टरांना सांगितलं त्याप्रमाणे तो स्वतःला पुरुष मानत होता आणि त्याला बायकांचं आकर्षण होतं.

उलट बाजूचं उदाहरण मारिया होसे मार्तिनेझ-पातिन्यो यांचं. स्पेनची अडथळा शर्यतीची धावपटू. १९८५मध्ये कोबेच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत तिची गुणसूत्र चाचणी झाली आणि एक्स-वाय निघालं. तिला स्वतःलाही हे माहीत नव्हतं. १९८६च्या सुरुवातीला राष्ट्रीय स्पर्धेत ती धावली, जिंकली, आणि बातमी फुटली. शिष्यवृत्ती गेली, पदकं गेली, प्रियकर गेला. तिच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन बनत होतं, पण त्याचे रिसेप्टर ते वापरूच शकत नव्हते. शर्यतीत त्याचा तिला फायदा मिळणं शक्य नव्हतं. हे पटवून देत लढून १९८८मध्ये तिने परवानगी परत मिळवली. पण धावायची ती वर्षं गेली ती गेलीच. २००५मध्ये तिने ‘लॅन्सेट’मध्ये आपली हकिकत स्वतः लिहिली. हार्मोन म्हणजेच लिंग, रिसेप्टर बिसेप्टर काही नाही, असं मानणारी गोष्ट एखाद्या माणसाचं काय करू शकते हे पाहायचं तर ‘द फीमेल ब्रेन’च्या शेजारी ती हकिकत ठेवून वाचा.

तिच्यासारख्या, टेस्टोस्टेरॉनचे रिसेप्टर पूर्णपणे निकामी असलेल्या व्यक्तींमध्ये ॲरोमटेज शाबूत असतं, इस्ट्रोजेनचे रिसेप्टरही शाबूत असतात. उंदराच्या हिशोबाने त्यांचा मेंदू नराचा व्हायला हवा. त्यातल्या बहुसंख्य बाई म्हणून वाढतात आणि स्वतःला बाईच मानतात. यावर कुणी म्हणेल, त्यांना मुलगी म्हणूनच वाढवलं ना? बरोबर आहे. म्हणूनच माणसाच्या बाबतीत एवढंच हाती उरतं की उंदराचा रस्ता इथे जसाच्या तसा चालत नाही. त्यात माणसाचं अल्फा-फीटोप्रोटीन इस्ट्रोजेनला उंदराच्यासारखं घट्ट धरत नाही, आणि गर्भारपणी वारेतून इतकं इस्ट्रोजेन तयार होतं की पोटातला मुलगा आणि मुलगी दोघंही त्यात अक्षरशः न्हातात. नुसत्या मुरण्याने मेंदू बाईचा होत असता तर आपण सगळेच जन्मतः बायका असतो.

इथे मराठीबद्दल थोडं बोलायचंय. हार्मोनला आपण शाळेत ‘संप्रेरक’ शिकलो. शब्द चांगला घडवलाय, मला आवडतो. पण त्याच्या पोटात प्रेरणा देणारा बसलाय, आज्ञा सोडणारा. रिसेप्टरला कुणी ‘ग्राही’ म्हणतं, पण तो शब्द कुणाच्या तोंडी बसला नाही. परिणाम असा की मराठीत या विषयावर वाक्य लिहायला बसलं की कर्ता आयता मिळतो आणि ऐकणारा मिळत नाही. ‘इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक आहे’ हे वाक्य तर आपण पाठच केलेलं. १९३४मध्ये बर्नहार्ट झोंडेक यांनी ‘नेचर’मध्ये कळवलं होतं की इस्ट्रोजेनचा त्यांना सापडलेला एक अतिशय भरघोस स्रोत म्हणजे वळू घोड्याचं मूत्र. तरी नव्वद वर्षं झाली, पाठ्यपुस्तकी वाक्य ढळलेलं नाही. आणि इंग्रजी नावाला नावं ठेवायची सोयही आहेच: इस्ट्रोजेनमधला ‘ईस्ट्र’ येतो ग्रीक ‘ऑइस्ट्रॉस’वरून, म्हणजे जनावरांना चावून सैरभैर करणारी गोमाशी. माजावर आलेल्या मादीचं वर्णन म्हणून तो शब्द घेतला. नाव ठेवतानाच निकाल लावून टाकलेला.

माझी मावसबहीण अकरावीला आहे. मागच्या वर्षी तिच्या दहावीच्या सुट्टीत एका करिअर मार्गदर्शन शिबिराला गेली होती. तिथे एक स्लाइड दाखवली: मुलींचा मेंदू इस्ट्रोजेनमुळे ‘भावना आणि भाषा’ यांसाठी घडतो, मुलांचा ‘यंत्र आणि अवकाश’ यांसाठी. खाली कुठल्या शाखा कुणाला ‘नैसर्गिक’ त्याची यादी. तिला पीसीएम घ्यायचं होतं. घरी येऊन तिने आईबाबांशी वाद घातला नाही, रडली नाही, फक्त मला मेसेज केला: “ताई, हे खरं असतं का? म्हणजे मला जमेल, पण माझ्या मेंदूला त्रास होईल का?” हा दुसरा प्रश्न वाचून मी बराच वेळ फोन धरून बसले. कुणी तिला ‘तुला जमणार नाही’ म्हणालं असतं तर ती भांडली असती, भांडखोर आहेच ती. पण तिला सांगितलं गेलं की तुझ्याच आत एक रसायन आहे आणि तू त्याच्या विरुद्ध चालली आहेस. स्वतःच्या रक्ताशी कोण भांडणार?

ताराबाई शिंद्यांनी १८८२मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं तेव्हा त्यांच्यासमोर शास्त्री-पुराणिक होते, आणि बायकांना चिकटवलेला एकेक दुर्गुण घेऊन तो पुरुषांत किती आहे हे दाखवायची सोय होती. स्लाइडशी तसं भांडता येत नाही. ती शिवी देत नाही, कौतुक करते. ‘भावना आणि भाषा’ हे काय वाईट आहे का?

या स्लाइडला उत्तर म्हणून सहसा कॉर्डेलिया फाइन यांचं ‘डिल्युजन्स ऑफ जेंडर’ (२०१०) सुचवलं जातं. वाचा जरूर, फाइन भयंकर गमतीशीर लिहितात आणि ढिसाळ संशोधनाची चिरफाड करण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. पण मला त्यात एक कमी जाणवते. एकामागून एक प्रयोग पाडत गेल्यावर वाचकाच्या मनात असं बसतं की हार्मोन आणि मेंदू हा सगळा विषयच फुगवलेला आहे. तो तसा नाही. उंदराच्या त्या दोन पुंजक्यांत जे होतं ते कुणाच्या पूर्वग्रहाने होत नाही. फाइन यांच्या विनोदाला गोंधळलेला शास्त्रज्ञ लागतो. बरोबर असलेला, पण त्याच्या म्हणण्याचा अर्थ लोकांनी भलताच लावलेला शास्त्रज्ञ त्यांच्या पानांवर कमी भेटतो.

त्याच वर्षी आलेलं रिबेका जॉर्डन-यंग यांचं ‘ब्रेन स्टॉर्म’ वाचायला जड आहे. तक्ते, पद्धती, सबुरी. (‘नेचर’मधल्या परीक्षणातल्या रिबेका यंग त्या याच.) पण समीक्षा म्हणून मला ते या सगळ्यांत वरचं वाटतं. गर्भातले हार्मोन्स माणसाचा मेंदू ‘घडवतात’ असं म्हणणारे तीनशेहून जास्त अभ्यास त्यांनी एकत्र ठेवले आणि साधा प्रश्न विचारला: हे सगळे ज्याला ‘पुरुषी’ म्हणतात ते एकच आहे का? तर नाही. सुरुवातीच्या अभ्यासांत बाईने हस्तमैथुन करणं, तिची कामेच्छा स्पष्ट असणं, हे मेंदू पुरुषी झाल्याचं लक्षण धरलं होतं. ऐंशीचं दशक येईतो तेच सर्वसामान्य बाईचं लक्षण झालं. मोजपट्टीच सरकली, आणि कुणी जाहीर केलं नाही. आधीचे निष्कर्ष आणि नंतरचे निष्कर्ष एकमेकांना दुजोरा देतात असं समजून ढीग वाढत राहिला. शब्दाचा अर्थ तीस वर्षांत कसा सरकला हे पुराव्यानिशी दाखवणं, हे आपल्या समीक्षकांचं काम. ते एका समाजवैद्यकातल्या बाईने केलं आणि प्रयोगशाळेच्या कागदांवर केलं.

जॉर्डन-यंग यांच्याशीही माझं सगळं जुळत नाही. त्यांचा सगळा भर पुराव्याचा सांगाडा हलवण्यावर आहे. मग विकसित होणाऱ्या मेंदूत ते रिसेप्टर करतात काय, याचं चित्र वाचकाच्या हातात फारसं उरत नाही. त्याने एक पोकळी राहते आणि पोकळीत पुन्हा गुलाबी-निळी स्लाइड येऊन बसते. माझ्या मते मराठीत कुणी यावर लिहायला घेतलं तर सुरुवात जेन्सनच्या उंदरिणीपासून करावी. रसायन सगळीकडे गेलं, थांबलं मात्र एका ठिकाणी.

आणि हे शुद्ध बौद्धिक प्रकरण नाही, म्हणून डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉलचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९३८मध्ये बनलेलं कृत्रिम इस्ट्रोजेन, तेच रिसेप्टर जोरात पकडणारं. गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत लाखो गरोदर बायकांना दिलं गेलं. १९५३मध्ये शिकागोतल्या मोठ्या चाचणीत त्याचा काही उपयोग नाही हे दिसलं. तरी देत राहिले. १९७१मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी दाखवलं की त्या गर्भारपणातून जन्मलेल्या काही मुलींना तरुण वयातच योनिमार्गाचा दुर्मीळ कर्करोग होतोय. स्त्री-संप्रेरक, बाईला दिलं तर बिघडलं कुठे, हा त्यामागचा सहज भाव. गर्भातल्या कोणत्या पेशीत कोणता रिसेप्टर आहे आणि तो हे औषध कसं ऐकेल, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. चुकलं ते माहीत नसताना बिनघोर देण्यात. पण त्या मुलींच्या मेंदूबद्दल उंदरावरून जे भाकीत केलं असतं, की त्या पुरुषी होतील, तसं मोठ्या पाहण्यांत काही दिसलं नाही. प्रजननमार्गाचं वाटोळं झालं ते झालंच.

मावसबहिणीने पीसीएम घेतलं. मी तिला मार्तिनेझ-पातिन्योची हकिकत, २०४ सेंटिमीटरच्या तरुणाची गोष्ट आणि उंदरांचं सगळं रामायण व्हॉइस नोटवर सांगितलं, अकरा मिनिटांची नोट, तिने दीडपट वेगाने ऐकली. तिचं उत्तर आलं ते मेंदू मुलीचा की मुलाचा याबद्दल नव्हतंच. ती प्रोस्टाग्लँडिनवर अडकली होती. “ताई, मग नर पिल्लाला जन्मल्याबरोबर तापाचं औषध दिलं तर?”

मॅकार्थी यांच्या प्रयोगशाळेने नेमकं हेच केलं होतं. प्रोस्टाग्लँडिन रोखणारं औषध नवजात नर पिल्लांना दिलं, आणि मोठेपणी त्यांचं नराचं वागणं कमी झालं. मी तिला निबंधाचं नाव पाठवलं आणि सांगितलं, हे उंदरांचं आहे, कुठल्याही काकूला फॉरवर्ड करू नकोस. तिने अंगठा पाठवला.